लिस्बन, पाच रात्री, सोबत सत्तरीचे आईबाबा: चढ सांभाळून काय बघावं?

आगरकाठ (रेवदंडा)

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन लिस्बनला जायचं ठरतंय. पाच रात्री, बाकी कुठे नाही. आईचे गुडघे कुरकुरतात. सपाटीवर दोनेक किलोमीटर चालेल, पण जिने आणि उभे चढ नकोत. ती शाकाहारी आहे, अंडं चालतं. बाबांना मासळी हवीच, आणि त्यांचा सगळा जीव इतिहासात. रेवदंड्याचा कोट आणि कोर्लईचा किल्ला ज्यांनी बांधला त्या पोर्तुगिजांचं गाव बघायचं, एवढ्यासाठीच हा घाट.

विचारायचं ते असं: राहायचं कुठे? २८ नंबरची ट्राम खरंच घ्यावी का? बेलेंला, म्हणजे नदीकाठच्या जुन्या स्मारकांच्या भागात, कोणत्या दिवशी जावं? आपल्या किनाऱ्याशी संबंध सांगणारं तिथं नेमकं काय आहे? आणि जेवणाचं काय? यूट्यूबवर सगळे तीच पाच ठिकाणं दाखवतात, गुडघ्यांबद्दल कुणी बोलत नाही.

खाडीपल्याड (दाभोळ)

राहण्यापासून सुरू करतो, कारण लिस्बनमध्ये निम्मी सहल तिथंच ठरते.

बायशा भागात राहा. नदीकाठचा प्रासा दु कोमेर्सियु चौक ते रोसिउ चौक ही सुमारे पाऊण किलोमीटरची पट्टी पूर्ण सपाट आहे आणि मेट्रो, ट्राम, बस सगळं तिथून सुटतं. बजेट जमत नसेल तर सालदान्या किंवा अव्हेनिदा मेट्रो स्टेशनाजवळ बघा. अल्फामा फोटोत सुंदर दिसतं, पण तिथल्या गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही आणि सामान पायऱ्यांवरून उचलून न्यावं लागतं. बाइरू आल्तुत रात्री दोनपर्यंत गोंगाट असतो. घर किंवा हॉटेल बुक करताना लिफ्ट आहे का हे लेखी विचारा. जुन्या इमारतींत ती बऱ्याचदा नसते, आणि जिना अरुंद, लाकडी, वळणाचा असतो. हॉटेलवाले पर्यटन कर वेगळा घेतात: माणशी रात्रीला ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्रींचा. तिघांचे पाच रात्रींचे ६० युरो बाजूला ठेवा.

आता चढ. लोक पायऱ्या चढून दमतात, कारण फुकटच्या सोयी त्यांना माहीत नसतात. तीन लक्षात ठेवा:

बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचे सरकते जिने. खालच्या बाजूने, म्हणजे रुआ दु क्रुसिफिशुवरून आत शिरायचं आणि वर शियादूच्या चौकात बाहेर पडायचं. फाटकाच्या आत जावं लागत नाही, त्यामुळे तिकीट लागत नाही. अख्खी टेकडी उभ्या उभ्या चढून होते. अधूनमधून एखादा जिना बंद असतो, म्हणून आधी खालूनच नजर टाका.

लिस्बनच्या टेकडीवरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या दोन सार्वजनिक लिफ्ट. पहिली रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरच्या इमारतीत, ती रुआ दा मादालेना रस्त्यावर सोडते. तिथून पलीकडे दोन मिनिटांवर शाउं दु लोरेइरु, तिथं सुपरमार्केट असलेल्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन्ही फुकट.

तिसरी सोय म्हणजे ७३७ नंबरची छोटी बस. प्रासा दा फिगेइरा चौकातून निघते आणि थेट किल्ल्याच्या दाराशी जाते. आईंसाठी हीच. किल्ल्याच्या आत मात्र जमीन ओबडधोबड आहे आणि तटावर जायला कठड्याशिवायच्या पायऱ्या आहेत. माझं मत विचाराल तर आईंना पोर्ताश दु सोल या सज्जावर बसवा. नदीचा देखावा साधारण तोच आणि तिकीट नाही. बाबांना किल्ला बघू दे.

रस्त्यांवर सगळीकडे पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या फरशीचे छोटे चौकोनी दगड बसवलेले आहेत, त्याला कालसादा म्हणतात. पायांनी घासून ते गुळगुळीत होतात आणि पाऊस पडला की शेवाळलेल्या धक्क्यासारखे निसरडे. ऑक्टोबरमध्ये पाऊस येऊ शकतो. कडक तळव्याच्या चपला नकोत, खोल खाचांचे रबरी तळवे असलेले बूट हवेत. उतरताना जास्त सांभाळा, माणसं चढताना नाही, उतरताना पडतात. आणि छत्रीपेक्षा रेनकोट बरा. नदीवरून वारा आला की छत्री उलटते.

२८ नंबर: १९३० च्या दशकातल्या लाकडी अंतर्भागाच्या छोट्या ट्रामी, मार्तीं मोनीज ते कांपु द ओरिक. पायरी उंच आहे, बसायला मोजक्या जागा, उभं राहिलं तर वळणांवर जोरदार हिसके. शिवाय पाकीटमारांची ती आवडती गाडी. घ्यायचीच असेल तर सकाळी आठाच्या आत, आणि ती पण मार्तीं मोनीजहून नाही. तिथं रांग लांबच लांब असते. दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरिकच्या प्राझेरेश दफनभूमीजवळच्या थांब्यावरून बसा. खिडकीची जागा मिळेल, आणि उलट दिशेनेही रस्ता तोच. हौस भागवायला २४ नंबरची ट्रामही तशीच जुनी आहे, गर्दी कमी.

रस्त्यावरच्या उतारगाड्यांबद्दल, म्हणजे ग्लोरिया, बिका, लाव्रा: सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरियाची गाडी केबल सुटून घसरली आणि १६ माणसं गेली. त्यानंतर सगळ्या उतारगाड्या तपासणीसाठी थांबवल्या. जुने व्हिडिओ बघून बेत करू नका, त्या आठवड्यात काय चालू आहे ते कॅरिश या ट्राम-बस चालवणाऱ्या कंपनीच्या साइटवर बघा.

तिकिटाचं: नावेगांत नावाचं कार्ड मेट्रोच्या मशीनमधून अर्ध्या युरोत मिळतं. प्रत्येकाला स्वतःचं हवं, एका कार्डावर तिघे जात नाहीत. त्यात पैसे भरून ठेवायच्या पद्धतीला झॅपिंग म्हणतात, एक फेरी दोन युरोंच्या आत पडते. ट्राममध्ये ड्रायव्हरकडे रोख तिकीट काढलं तर जवळपास दुप्पट. दिवसात पाच-सहा फेऱ्या होणार असतील तर २४ तासांचा पास. तो घड्याळाच्या २४ तासांचा असतो, पहिल्यांदा टेकवल्यापासून मोजतात. दुपारी तीनला सुरू केलात तर दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत.

मिठागर (पेण)

वरच्यात एक भर. झॅपिंगचे पैसे कार्डात शिल्लक असताना त्याच कार्डावर २४ तासांचा पास भरता येत नाही. मशीन नकार देतं आणि मागे रांग खोळंबते. सरळ दोन कार्डं घ्या आणि पेनने खूण करा.

आणि रुआ ऑगुस्ता रस्त्यावर कुणी कानाशी येऊन अंमली पदार्थ विकायला बघेल. बहुतेक वेळा ती दाबलेली तमालपत्रं असतात. थांबू नका, बोलू नका, पुढे चला.

वसईवाला

आता बाबांच्या आवडीचं.

पहिल्यांदा एक समजून घेतलं की अख्खं शहर उलगडतं. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना मोठा भूकंप झाला, मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आग. चौल, वसई, गोवा यांचा कारभार जिथून चालायचा तो नदीकाठचा राजवाडा आणि शेजारची कासा दा इंडिया ही कचेरी तेव्हाच संपली. तुम्ही प्रासा दु कोमेर्सियुत उभे राहाल ती त्याच राजवाड्याची जागा. स्थानिक लोक अजून त्या चौकाला तेर्रेइरु दु पासु, राजवाड्याचं अंगण, असंच म्हणतात. म्हणजे रेवदंड्याचा कोट बांधणाऱ्यांचं लिस्बन बायशात शोधू नका, ते तिथं नाही. बायशा हे भूकंपानंतर तेव्हाचा मंत्री मार्केश द पोंबाल याने आखलेलं शहर. सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती, आणि भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा तिरप्या फुल्या मारलेला सांगाडा. त्याला गायोला, पिंजरा, म्हणतात. धक्का बसला की दगडी भिंत ढासळेल, पण सांगाडा हलून उभा राहील, ही कल्पना.

भूकंपाआधीचं बघायचं असेल तर तीन जागा. एक, कार्मुचा मठ. छप्पर कोसळल्यावर कमानी तशाच उघड्या ठेवल्या आहेत, आत छोटं पुरातत्त्व संग्रहालय. रविवारी बंद. दोन, किल्ल्याखालचं कासा दुश बिकुश, दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड. गोवा जिंकणाऱ्या आफोंसु द आल्बुकेर्कच्या मुलाने १५२३ च्या सुमारास बांधलेलं. आज तिथं सारामागु या लेखकाच्या नावाची संस्था आहे. खालच्या दोन मजल्यांचं बांधकाम मूळचं, वरचे विसाव्या शतकात पुन्हा चढवले. तिसरी जागा म्हणजे बेलें, ते शहराबाहेर असल्यामुळे बरंच वाचलं.

बेलेंचा जेरोनिमुश मठ १५०१-०२ मध्ये सुरू झाला, मसाल्याच्या व्यापारावरच्या कराचा पैसा त्यात ओतला. चर्च आणि आतला चौक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रांगाही वेगळ्या. चर्चला तिकीट नाही, चौकाला आहे. पश्चिमेच्या दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला वास्को द गामाची कबर, उजवीकडे कवी कामोंइशची. गामा मेला कोचीनला, १५२४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी. हाडं १५३९ मध्ये पोर्तुगालला नेली आणि या मठात १८८० मध्ये आणली. पण तिथंच थांबून परत फिरू नका. सरळ वेदीपर्यंत जा. राजा मानुएल आणि त्याच्या वारसांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. लिस्बनच्या राजाचं थडगं आणि खाली हत्ती, यावरून पैसा कुठून येत होता ते सांगायला पाटी लागत नाही.

बेलेंचा बुरूज (१५१४ ते १५१९ मधलं बांधकाम) २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, उघडला का ते जाण्याआधी तपासा. पण आईंना आत न्यायचंच नाहीये: एकच अरुंद गोल जिना, वर-खाली एकाच वाटेने, सिग्नल लावून लोक सोडतात. बाहेरून मात्र नीट बघा. नदीला लागून पश्चिमेकडे जो टेहळणीचा छोटा मनोरा आहे, त्याच्या बुडाशी आधाराच्या दगडात गेंड्याचं तोंड कोरलंय. झिजलंय बरंच, शिंग जवळपास गेलंय, दुर्बीण किंवा फोनचा झूम लावून शोधावं लागतं. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने आल्बुकेर्कला भेट दिलेला गेंडा गोव्यावरून जहाजाने मे १५१५ मध्ये याच काठावर उतरला. पुढच्या वर्षी पोपकडे पाठवताना जहाज बुडालं आणि तोही बुडाला. जर्मन चित्रकार ड्युररने त्याचं प्रसिद्ध चित्र कोरलं ते प्रत्यक्ष न बघता, वर्णनावरून.

जहाजांचं गणितही बाबांना सांगा, त्यांना आवडेल. आरमार लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघायचं, कारण आफ्रिकेला वळसा घालून पूर्व किनाऱ्यावर येईपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारा मिळायला हवा. सप्टेंबरच्या आसपास गोवा. परतीला डिसेंबर-जानेवारीत, उलटा वारा लागला की. उशीर झाला तर मोझांबिकला मुक्काम. म्हणून सरकारी पत्रव्यवहाराच्या बाडांना 'मोन्सून्सची पुस्तकं' असंच नाव पडलं. त्यातली काही लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु अभिलेखागारात आहेत, बरीच पणजीत. अभिलेखागारात पर्यटक म्हणून जाण्यात अर्थ नाही, वाचकपत्र आणि पोर्तुगीज दोन्ही लागतं.

मुंबईशी संबंध शोधताय? साउं व्हिसेंत द फोरा हा मठ. १६६१ च्या करारात जिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांना गेली ती पोर्तुगीज राजकन्या कॅथरिन विधवा झाल्यावर लिस्बनला परत आली, १७०५ मध्ये वारली आणि तिची कबर तिथल्या ब्रागांसा राजघराण्याच्या दालनात आहे. २८ नंबरची ट्राम दाराजवळून जाते. मागच्या मैदानात मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो.

संग्रहालयांत एकच निवडायचं तर राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालय, मुझेऊ नासियोनाल द आर्त आंतीगा. आपल्या किनाऱ्यावरच्या कारागिरांनी सागवान, शिसवी आणि हस्तिदंतात केलेली इंडो-पोर्तुगीज कपाटं आणि पेट्या तिथं आहेत. जवळ जाऊन बघा: पाय नागकन्येच्या आकाराचे, वरती ख्रिस्ती चिन्हं. त्याच इमारतीत १५०६ ची सोन्याची बेलेंची कुस्तोदिया, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद दर्शनाला ठेवायचं पात्र, आफ्रिकेच्या किल्वाहून खंडणीत आणलेल्या सोन्याची. लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत, मागे नदीकडे तोंड केलेली बाग आहे. आईंना इथं सगळ्यात कमी त्रास होईल.

पाद्रांउं, म्हणजे नदीकाठचं जहाजाच्या आकाराचं स्मारक, ५२ मीटर उंच. ते जुनं नाही हं. १९६० चं, सालाझारच्या हुकूमशाहीतलं, गोवा मुक्त व्हायच्या वर्षभर आधीचं. समोरच्या फरशीवरचा नकाशा बघायला वर जा, लिफ्ट आहे, शेवटी थोड्या पायऱ्या.

नारिंग्रे (देवगड)

वसईवाल्यांनी सगळं छान सांगितलं, पण अर्धंच. ज्या हुकूमशाहीचं ते स्मारक, तिने आपली माणसं तिथं नेऊन डांबली होती. सांगलीत जन्मलेले मोहन रानडे १९५५ मध्ये गोव्यात पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यातल्या तुरुंगात राहिले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत, १९६९ मध्ये सुटले. काशियास हे काइश दु सोद्रे ते काश्काइश या लोकल मार्गावरचं स्टेशन आहे. तुरुंग आजही तुरुंगच असल्यामुळे आत जाता येत नाही. गोवा मुक्तीचे नेते टी. बी. कुन्हा यांना पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथं आता प्रतिकाराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, पण ते लिस्बनपासून बसने दीडेक तास, तुमच्या पाच दिवसांत बसवू नका.

लिस्बनमध्येच मोठ्या चर्चजवळ, सेच्या शेजारी, आल्जुब संग्रहालय आहे. राजकीय कैद्यांची जुनी तुरुंगइमारत, २०१५ पासून संग्रहालय. वसाहतींतल्या लढ्यांवर एक विभाग आहे. कोठड्यांना तिथं 'कुरू', म्हणजे गुरांच्या दावणी, म्हणायचे. त्यांची रुंदी बघितली की नाव का पडलं ते कळतं. दीड तास पुरतो, लिफ्ट आहे, सोमवारी बंद. आणि कार्मुच्या मठासमोरचा जो छोटा चौक आहे ना, तिथल्याच पोलीस मुख्यालयात २५ एप्रिल १९७४ ला पंतप्रधान कायतानु लपला होता आणि तिथंच ती राजवट संपली. मठ बघायला जाणारच आहात, तर पाठ फिरवून तिकडेही बघा.

मासेबाजार (मालवण)

जेवणाचं माझ्याकडे.

टेबलावर बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज, कधी कोलंबी आणून ठेवतात. ते फुकट नसतं, ज्याला हात लावाल त्याचे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

बाबांसाठी: भाजलेली ताजी मासळी बहुतेक ठिकाणी किलोच्या भावाने लिहिलेली असते. पाटीवर ४५ युरो दिसले ते किलोचे, ताटाचे नाहीत. मासा दाखवायला सांगा, वजन विचारा, मग होय म्हणा. दोराद आणि रोबालु हे दोन मासे बहुतेक मत्स्यशेतीतले असतात. पाटीवर 'दु मार' लिहिलं असेल तर समुद्रातले, आणि भाव बराच चढा. काराप्पाउ हा बांगड्याच्या जवळपासचा, स्वस्त आणि चवीला खणखणीत. छोटे तळून देतात, काट्यासकट. सार्डिनचा हंगाम जून ते सप्टेंबर, ऑक्टोबरच्या मध्याला मिळालं तर चरबी उतरायला लागलेली किंवा गोठवलेली. फ्रेश आहे का विचारून घ्या. सोमवारी भाजलेली मासळी टाळा, रविवारी बोटी बाहेर पडत नाहीत.

बाकाल्याउ, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. आपल्याकडच्या सुक्या मासळीवर वाढलेल्या माणसाला वाटतं हे तर घरचंच, पण तो आधी २४ ते ४८ तास पाणी बदलत भिजवतात, त्यामुळे वास आणि खारटपणा दोन्ही कमी. पहिल्यांदा खाताना बाकाल्याउ आ ब्राश घ्या: बारीक सुटा मासा, बटाट्याच्या काड्या, अंडं. उकडलेल्या तुकड्यापासून सुरुवात केली तर बाबा नाक मुरडतील. आमेइजुअश आ बुल्याउं पातु म्हणजे लसूण, ऑलिव्ह तेल, लिंबू आणि भरपूर कोथिंबीर घातलेल्या तिसऱ्या. हो, कोथिंबीर. हे चुकवू नका, फक्त त्यात बहुतेक वेळा पांढरी वाइन असते, चालत नसेल तर आधी विचारा. तिखट मात्र कशातच नाही. पिरी-पिरी, म्हणजे मिरचीचा सॉस, मागून घ्या.

पूर्ण 'दोझ' दोघांना पुरते. एकट्यासाठी 'मेया दोझ' मागा. दुपारी साडेबारा ते तीन या वेळात 'प्रातु दु दिया', म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं ताट, सगळ्यात परवडतं. तीननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्री साडेसातच्या आधी उघडत नाही. तुमच्या आईबाबांची जेवायची वेळ सातची असेल तर दुपारचं जेवण मोठं ठेवा.

आईंसाठी: हिरवं काल्दु व्हेर्द सूप बघून शाकाहारी वाटेल, पण त्यात डुकराच्या सॉसेजच्या चकत्या टाकतात. सोपा द लेगुमेश मागा आणि तरी 'सेंय कार्न, सेंय पैश', मांस नको मासा नको, असं सांगा. चिकनला बऱ्याच ठिकाणी मांस धरत नाहीत, म्हणून 'सेंय फ्रांगु' पण जोडा. पेइशिन्युश दा ओर्ता नाव माशांचं आहे, पण असते फरसबीची भजी. ऑम्लेट, टोमॅटोचा भात, सॅलड कुठेही मिळतं. शामुसा दिसायला समोसा, आत बहुतेक वेळा खिमा. काही जुन्या मिठायांत डुकराची चरबी असते, 'बान्या' शब्द आहे का बघा. पाश्तेल द नाता ही अंड्याच्या बलकाची गोड टार्ट, ती त्यांना चालेल. बेलेंचं १८३७ पासूनचं प्रसिद्ध दुकान आहे तिथं बाहेरची रांग फक्त बांधून नेणाऱ्यांची असते. आत मोठी बसायची जागा आहे, सरळ आत शिरा.

घरच्यासारखं हवं असेल तर लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी जेवण मिळतं, वेळ आधी फोनवर विचारा. मार्तीं मोनीजच्या मागे डाळ, तांदूळ, पीठ, कडीपत्ता सगळ्याची दुकानं आहेत.

नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेत बसू नका.

आगरकाठ (रेवदंडा)

वा, बाबांना वाचून दाखवलं, ते गेंड्यावरच अडकलेत. दोन गोष्टी राहिल्या. आमचा एक दिवस सोमवार येतोय, तेव्हा काय करावं? सिंत्रा जमेल का? आणि व्हिसासाठी पेन्शनवरच्या दोघांचे कागद कसे लावायचे?

खाडीपल्याड (दाभोळ)

सोमवारी जेरोनिमुश, बेलेंचा बुरूज, राष्ट्रीय संग्रहालय सगळं बंद. बेलें मंगळवारी सकाळी ठेवा, साडेनऊच्या आत पोचा. १५ नंबरची ट्राम लांब आणि बुटकी आहे, आईंना चढायला सोपी, फक्त गर्दीत पाकीट पुढच्या खिशात. ७२८ बसही तिकडेच जाते. आणि जुन्या लेखांतलं 'रविवारी संग्रहालय फुकट' विसरा, ती सवलत आता पोर्तुगालच्या रहिवाशांपुरती आहे.

सिंत्राचे वाडे सोमवारी उघडे असतात, म्हणून सगळे सांगतील तिकडे जा. पण पेना वाडा आईंसाठी नाही. तिकिटावरची वेळ वाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. फाटकापासून दारापर्यंत अर्धा तास चढ, आणि वेळ चुकली की आत घेत नाहीत. जायचंच तर रोसिउहून चाळीस मिनिटांची ट्रेन, आणि गावातलाच राष्ट्रीय वाडा बघा, दोन पांढरी उंच धुराडी आहेत तो.

त्यापेक्षा काश्काइश. काइश दु सोद्रेहून तेवढ्याच वेळाची ट्रेन, बराच रस्ता नदी आणि समुद्राच्या कडेने, वाटेत काशियास स्टेशनही बघून होईल. जाताना डाव्या खिडकीशी बसा. उतरल्यावर किनाऱ्याने सपाट फरसबंदी वाट. पाणी बर्फाळ, आपल्यासारखं पोहायला नका उतरू. संध्याकाळी परत आल्यावर काइश दु सोद्रेहूनच काशिल्याशची बोट पकडा, दहा मिनिटांत पलीकडे. झॅपिंगचं कार्ड ट्रेनलाही चालतं आणि बोटीलाही. मांडव्याच्या लाँचची सवय असलेल्यांना हा प्रवास काहीच नाही, पण पाण्यावरून सगळ्या टेकड्या एकदम दिसतात त्या इथूनच. तेव्हा सूर्य सातच्या आसपास मावळतो, सहाची बोट धरा.

सुपारीबाग (गुहागर)

व्हिसाचं. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकाल साधारण पंधरा दिवसांत, पण कागद मागितले तर ४५ दिवसांपर्यंत लांबतो. तुम्ही जुलैत अपॉइंटमेंट धरा. मोठ्यांची फी ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं. विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेनसाठी, आणि निघण्याच्या दिवसापासून घरी परत पोचण्याच्या दिवसापर्यंत. एक दिवस कमी पडला तरी परत पाठवतात. सत्तरी ओलांडलेल्यांना काही पॉलिसी जुन्या आजारांचा खर्च देत नाहीत, बारीक अक्षरं वाचा.

पेन्शनरांसाठी: पेन्शन जमा होते त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह, पेन्शनचा आदेश, आयकर विवरणपत्रं. खर्च तुम्ही करणार असाल तर तुमचं प्रायोजक पत्र, तुमची स्टेटमेंट्स, पगारपत्रकं आणि नातं दाखवायला तुमचा जन्मदाखला. इथंच लोक अडकतात: जन्मदाखल्यावर आईचं नाव वेगळं, पासपोर्टवर वेगळं. तसं असेल तर आधीच प्रतिज्ञापत्र करून ठेवा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, ती कुठून आली हे सांगावं लागतं. सातबारा आणि घरपट्टी जोडलीत तर इंग्रजी भाषांतरासह. बागायत आहे म्हणजे माणूस परत येणार, हे अधिकाऱ्याला त्यातूनच कळतं.

विमान फ्रँकफर्ट किंवा पॅरिसवरून असेल तर शिक्का-ठसे तिथंच होतात, लिस्बनला नाही. आता सीमेवर पहिल्यांदा जाणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, म्हणून मधला वेळ तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका. आईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत नोंदवा, किमान ४८ तास आधी. ती फुकट असते आणि लिस्बनच्या पासपोर्टच्या लांब रांगेतून वेगळ्या वाटेने नेतात.

सामानात तूप, पेढे, खवा, चीज काही नको, युरोपात बाहेरचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत. नारळ आणि केळी चालतात, आंबा नाही. साफ केलेली सुकी मासळी चालते, पण बॅगेतले कपडे आईंना परत घालायचे आहेत हे लक्षात असू द्या.

मुंबईची विमानं बहुधा पहाटे दोन-चारच्या सुमारास असतात. तिकिटावर १२ तारीख असेल तर घरातून ११ ला निघायचं. त्या वेळेला मांडव्याची रो-रो बोट धरायचा बेत असेल तर संध्याकाळची शेवटची फेरी कितीची ते आदल्या दिवशी विचारा. चुकली तर वडखळ-पेण मार्गे गाडीने चार तास हाताशी ठेवा.

पैशांचं एवढंच: एटीएम 'मुल्तिबांकु' लिहिलेलं वापरा, निळ्या-पिवळ्या खासगी मशीनचा दर वाईट. मशीनने 'रुपयात रूपांतर करू का' विचारलं तर नाही म्हणा, युरोतच घ्या. लहान खाणावळींत परदेशी कार्ड कधी चालत नाही, माणशी पन्नासेक युरो सुटे जवळ असू द्या.